चंदीगडची खुर्ची घेताय? खरी-खोटी ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परकाराच्या उघडलेल्या पायांसारखे निमुळते सागवानी पाय, वेताची बैठक आणि वेताचीच पाठ. गेल्या काही वर्षांत ही खुर्ची मासिकांत, सिनेनट्यांच्या घरांत आणि कॉफीच्या दुकानांत इतकी दिसू लागली की जुनी म्हणून विकायला आलेल्यांत नव्या किती आणि खऱ्या किती, याचा अंदाजच लागेनासा झाला आहे. मी जुनं लाकडी सामान तपासून देतो. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या फर्निचरबद्दल लोक मला जे विचारतात, त्यातले बहुतेक प्रश्न याच खुर्चीभोवती फिरतात. म्हणून उत्तरंही तिच्याच निमित्ताने दिली आहेत.

ही खुर्ची नेमकी कुणाची? कॉर्बुझिएची की जानरेची?

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि भारतातल्या पंजाबला राजधानी उरली नाही. त्यासाठी चंदीगड वसवायचं ठरलं आणि 1951 पासून स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्बुझिए त्या कामाला लागला. तो वर्षातून थोडेच दिवस येत असे. शहरात मुक्काम ठोकून राहिला तो त्याचा चुलतभाऊ, वास्तुविशारद पिएर जानरे. जन्म 1896 सालचा, जिनिव्हाचा. प्रकृती ढासळल्यावर 1965 मध्ये तो परत गेला, 1967 मध्ये वारला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित केल्या गेल्या.

सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, पंजाब विद्यापीठ, वसतिगृहं, सरकारी क्वार्टर्स. या सगळ्यांना हजारोंनी खुर्च्या-टेबलं हवी होती आणि पैसा बेताचा होता. त्यामुळे स्थानिक सुताराला जमेल, स्थानिक लाकडात होईल आणि मोडलं तर तिथेच दुरुस्त करता येईल, असे नमुने आखले गेले. या कामात युली चौधरी, आदित्य प्रकाश, जीत मल्होत्रा असे भारतीय वास्तुविशारदही होते. आज बाजारात सरसकट 'जानरे' म्हणतात, कारण त्या नावाला भाव येतो. माझ्या मते 'जानरे आणि चंदीगडचा चमू' असं म्हणणाऱ्या विक्रेत्याने अभ्यास केलेला असतो, आणि त्याच्याशी पुढे बोलायला हरकत नाही.

खुर्चीवर कंपनीचं लेबल, सही, शिक्का असं काही नाही. म्हणजे ती खोटी का?

नाही, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथेच. अमेरिकेतल्या हर्मन मिलरच्या खुर्चीखाली लेबल असतं, डेन्मार्कच्या बऱ्याच कारखान्यांचा लाकडात दाबलेला शिक्का असतो. चंदीगडच्या फर्निचरला असा एक कारखानाच नव्हता. वेगवेगळ्या कार्यशाळांनी ते आराखड्यावरून हाताने बनवलं. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन खऱ्या खुर्च्यांच्या मापांत थोडा फरक आढळतो, पायाची जाडी कमी-जास्त असते, खुर्चीच्या हाताचा बाक वेगळा असतो. आठ खुर्च्यांचा संच मिलिमीटरपर्यंत तंतोतंत जुळत असेल, तर मी उलट जास्त सावध होतो.

जाहिरातीत दिसणारे 'पीजे-एसआय-28-ए' यांसारखे क्रमांकही सरकारी नव्हेत. ते नंतर फ्रेंच गॅलरीवाल्यांनी सूची करताना दिले. 'पीजे' म्हणजे पिएर जानरे, आणि 'एसआय' हे आसन या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलं. त्या क्रमांकावरून नमुना कुठला ते कळतं. समोरची वस्तू खरी आहे की नाही, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही.

मग पाठीमागे रंगाने लिहिलेली अक्षरं आणि आकडे काय असतात?

ती सरकारी मालाची खूण. प्रत्येक कचेरी आपल्या सामानावर खात्याचं आद्याक्षर आणि नोंदवहीतला अनुक्रमांक ऑइलपेंटने घालत असे. कधी पत्र्याच्या साच्यातून, कधी सरळ ब्रशने. 'पी.यू.' म्हणजे पंजाब विद्यापीठ, 'एच.सी.' म्हणजे उच्च न्यायालय. विकत घेणाऱ्याचा जीव या अक्षरांवर जडतो आणि नक्कल करणाऱ्यालाही ते माहीत असतं.

मी स्वतः यात फसलो आहे. सुरुवातीच्या काळात एका व्यापाऱ्याकडून मी हात असलेली एक खुर्ची घेतली, निव्वळ मागच्या पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांवर भाळून. घरी आणून खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरली तेव्हा दिसलं, की लाकडावरच्या ओरखड्यांच्या आत पांढरा रंग उतरलेला आहे. खऱ्या खुणेवर हे बरोबर उलट दिसायला हवं. रंग आधीचा, ओरखडे नंतरचे. म्हणजे ओरखड्याने रंग कापलेला असतो, कडांवर तो झिजलेला असतो आणि भिंतीला घासणाऱ्या उंचवट्यांवर जवळजवळ पुसलेला असतो. ती खुर्ची अजून माझ्याकडे आहे. नव्याने शिकणाऱ्यांना मी तीच आधी दाखवतो.

भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा. तारपीनच्या बोळ्याने पुसून पाहण्याची युक्ती लोक सांगतात, पण तिने फक्त अगदी ताजा रंग पकडता येतो. चार-सहा महिने वाळलेला रंगही सुटत नाही. त्यामुळे रंग सुटला नाही, एवढ्यावर खूण जुनी ठरवू नका. एकाच संचातल्या दोन खुर्च्यांवर तोच क्रमांक असेल तर मात्र सरळ उठून निघा.

लाकूड पाहून काय कळतं?

बरंच, पण लोकांना वाटतं तितकं नाही. यात मुख्यतः साग आहे आणि काही ठिकाणी शीशम. उत्तरेतला हा शीशम आणि आपल्याकडचा शिसव ही एकाच कुळातली, पण वेगवेगळी झाडं आहेत. कोकणातल्या शिसवी पलंगाशी रंग जुळवून निष्कर्ष काढू नका. शीशम सागापेक्षा जड असतो. सागाला तेलकट स्पर्श असतो आणि न दिसणाऱ्या कोपऱ्यात किंचित खरवडलं तर त्याचा ओळखीचा वास येतो.

अडचण अशी, की नक्कल करणाराही जुनाच साग वापरतो. आपल्याकडे वाडे आणि चाळी पडतात तेव्हा तुळया, खांब, दारांच्या चौकटी लाकूडबाजारात येतात. त्यात शंभर वर्षांचा उत्तम ब्रह्मी साग असतो. त्याची खुर्ची केली तर लाकूड खरंच जुनं असतं, खुर्ची तेवढी नवी. अशा वेळी मी बुजवलेल्या खिळ्यांच्या खुणा शोधतो. पायाच्या मधोमध, जिथे खुर्चीत खिळा मारण्याचं काही कारणच नाही, तिथे भरलेलं भोक दिसलं तर त्या लाकडाचा मागचा जन्म तुळईचा होता हे ओळखावं.

कार्बन चाचणी करून घेता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल. 1950 आणि 60च्या दशकांत झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण वाढलं. त्या काळात आणि नंतर वाढलेल्या लाकडात त्याची खूण सापडते. म्हणजे 1955ची म्हणून विकलेली खुर्ची जर 1970 नंतर वाढलेल्या झाडाची असेल तर ती पकडली जाते. पण वर सांगितलेल्या वाड्याच्या सागापुढे ही चाचणी हतबल आहे. एका खुर्चीसाठी एवढा खटाटोप मी कुणाला सुचवत नाही.

मग नेमकं पाहायचं कुठे? तुम्ही स्वतः सुरुवात कुठून करता?

खुर्ची उलटी करून. समोरची बाजू सगळेच सजवतात.

पहिल्यांदा पायांचे तळ. ही खुर्ची तीस-चाळीस वर्षं सरकारी कचेरीत होती, तिथे रोज ओल्या फडक्याने फरशी पुसली जायची. पायांची खालची दोन-तीन बोटं लांबी त्या पाण्याने काळवंडते, रेषा उघड्या पडतात. तळ घासून कडा गोल झालेल्या असतात, आणि मागच्या पायांची झीज वेगळी असते कारण लोक मागे रेलून झुलतात. चारही तळ सारखेच झिजलेले असतील तर ते काम कानशीचं. तळाला नवा तुकडा जोडलेला असेल तर मात्र घाबरू नका. कुजलेले पाय असे दुरुस्त करण्याची पद्धत होतीच.

मग वेताची भोकं. मला यापेक्षा भरवशाची जागा सापडलेली नाही. मूळ काम हाताने विणलेलं असतं. चौकटीत ओळीने भोकं पाडून त्यांतून वेताची पट्टी ओवत जाळी विणतात. हल्ली तयार विणलेली जाळी आणून चौकटीभोवतीच्या खाचेत दाबून बसवतात. तशी खाच दिसली की या नमुन्यापुरता विषय बहुधा संपला. भोकं असतील तर टॉर्च मारून आत पाहा. जुन्या भोकाची आतली भिंत काळपट असते, तिच्यात धूळ घट्ट बसलेली असते आणि वेत वारंवार ओढला गेल्याने कड गुळगुळीत झालेली असते. नव्या भोकात फिकट लाकूड दिसतं. रंग ओतून काळं केलं असेल तर तो रंग एकसारखा असतो आणि एखाद्या भोकातून ओघळलेला सापडतो.

जोडांकडे पाहताना सुताराच्या हाताने विचार करावा. एका लाकडाचं टोक दुसऱ्यातल्या भोकात बसवून, वर लाकडी खुंटी मारून केलेले हे जोड. लाकूड काळानुसार रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे साठ-सत्तर वर्षांनी गोल खुंटी थोडी लंबगोल होते, कधी पृष्ठभागाच्या केसभर वर येते. डोळे मिटून बोट फिरवलं तर लागते. बैठकीच्या आतल्या बाजूला, जिथे पॉलिश करायची कुणाला गरज वाटली नाही, तिथे हाताच्या रंध्याच्या हलक्या लाटा तिरप्या उजेडात दिसतात.

खुर्चीच्या हातांच्या खालच्या बाजूला बोटं फिरवा. खुर्ची ओढताना माणूस तिथेच पकडतो. वर्षानुवर्षांचा घाम आणि मळ तिथे चिकट थरासारखा बसलेला असतो. नक्कल करणाऱ्याला वरची झीज सुचते, ही जागा सहसा सुचत नाही. बऱ्याच कचेऱ्यांनी वेत फाटल्यावर वर प्लायवूड किंवा रेक्झिन ठोकलं होतं. त्याच्या बारीक खिळ्यांची भोकं चौकटीवर ओळीने दिसली तर मला आनंदच होतो.

स्क्रू आणि डिंक यांवरून वय काढता येतं असं ऐकलं. खरं आहे का?

थोडंसं. एका सरळ खाचेचे जुने स्क्रू चांगलं लक्षण, पण ते जुन्या बाजारात किलोवर मिळतात. अधिक चिन्हाचे स्क्रू अमेरिकेत 1930च्या दशकातच आले होते. आपल्याकडच्या जुन्या सामानात ते दिसले तर बहुधा दुरुस्ती झालेली असते, आणि दुरुस्ती हा गुन्हा नाही. तपकिरी, ठिसूळ सरस दिसला तर उत्तम. पांढरा फेविकॉल दिसला तर कधीतरी सांधा उघडून चिकटवला, एवढंच कळतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, दिसलं तर मात्र चर्चा नको.

काळोखात अतिनील टॉर्च मारण्याचा उपयोग होतो. लाखेचं पॉलिश नारिंगी झळाळी देतं, आधुनिक लॅकर तशी देत नाही. पुन्हा तेच, नवं पॉलिश म्हणजे नवी खुर्ची नव्हे. पण 'मूळ पॉलिश जसंच्या तसं आहे' असं विक्रेता म्हणत असेल तर ही चाचणी त्याचा शब्द तपासते.

पॅरिसमधून 'रिस्टोअर' होऊन आलेली खुर्ची घ्यावी का?

1990च्या दशकाच्या अखेरीपासून फ्रेंच व्यापारी चंदीगडला येऊ लागले. तेव्हा हे सामान भंगार म्हणून निकाली निघत होतं, गच्चीवर पावसात ढीग पडलेले असत. त्यांनी ते लिलावात रीतसर घेतलं, दुरुस्त केलं आणि जगाला दाखवलं. आपल्याला जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. त्याच वेळी त्यातल्या पुष्कळ खुर्च्या इतक्या घासून चकचकीत केल्या गेल्या की त्यांच्या अंगावरचा सगळा इतिहास लाकडाच्या भुशात गेला, याचं वाईटही वाटतं.

घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी लेखी मागा. दुरुस्तीआधीचे फोटो, आणि कुठला भाग नवा आहे त्याची यादी. वेत नवा असणं अगदी ठीक, तो झिजणारच. पण एका खऱ्या खुर्चीचे भाग वाटून दोन खुर्च्या उभ्या करण्याचे प्रकार होतात. एकीत जुने पाय, दुसरीत जुनी पाठ आणि बाकीचं नवं. दोन्हींत खरं लाकूड आहे, दोन्हींवर झीज आहे, आणि दोन्ही पूर्ण किमतीला विकल्या जातात. यावर उपाय एकच. झीज एका भागावरून शेजारच्या भागावर सलग जाते का ते पाहायचं. हाताच्या पुढच्या टोकाला झीज आणि त्याला लागून असलेल्या पायाच्या माथ्याची कड मात्र करकरीत, हे एकाच खुर्चीच्या आयुष्यात घडत नाही.

कागदपत्रं कोणती मागायची?

सरकारी लिलावाची पावती किंवा यादी, त्यात खात्याचं नाव आणि तारीख. त्यानंतर ती कुणाकडून कुणाकडे गेली त्याची साखळी. विक्रेत्यानेच छापलेलं 'अस्सलतेचं प्रमाणपत्र' पाहून मी हुरळून जात नाही. त्यातून फक्त विक्रेत्याचं मत कळतं. कागद आणि खुर्ची एकमेकांशी बोलतात का ते पाहा. पावती विद्यापीठाच्या टेबलांची आणि हातात उच्च न्यायालयाची खुर्ची, असं झालेलं मी पाहिलं आहे. कागद खरा होता, फक्त दुसऱ्याच वस्तूचा होता.

तारीख विशेष बारकाईने वाचा. 2011 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढला, आणि पुढच्या वर्षी शहरातल्या वारसा समितीने 12,793 वस्तूंची नोंद केली. त्यामुळे 'गेल्या वर्षी कचेरीतून निघाली' असं कुणी सांगत असेल, तर एक तर तो खोटं बोलतोय किंवा वस्तू चोरीची आहे. दोन्ही बाबतींत घेऊ नका. खऱ्या पण पळवलेल्या खुर्चीपेक्षा नवी चांगली.

मग परदेशातले लिलाव कसे चालू आहेत? पुरातन वस्तूंचा कायदा नाही का?

1972चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होतो. 1955ची खुर्ची त्यात बसायला 2055 उजाडेल. आदेशापूर्वी लिलावात रीतसर विकलेला आणि बाहेर गेलेला माल परत मागण्याचा आधार म्हणूनच कच्चा पडतो. कायदा काय म्हणतो ते सांगितलं. एका सार्वजनिक शहरासाठी, कारकून आणि विद्यार्थी बसावेत म्हणून केलेलं हे फर्निचर आज दिवाणखान्यांत विखुरलंय, याची खंत मला आहेच.

आम्ही परदेशात राहतो. तिथल्या लिलावात घ्यायचं असेल तर?

वर्णनातले शब्द तोलून वाचा. नुसतं 'पिएर जानरे' आणि 'अट्रिब्यूटेड टू पिएर जानरे' (म्हणजे 'त्याची असावी') यांत मोठं अंतर आहे. 'आफ्टर' किंवा 'इन द स्टाइल ऑफ' म्हणजे सरळ नक्कल. मोठी लिलावगृहं अस्सलतेची हमी ठरावीक वर्षांपुरती आणि शीर्षकातल्या विधानापुरती देतात. खालच्या लांबलचक मजकुराला ती लागू असेलच असं नाही, म्हणून अटी आधी वाचा. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल, मागा आणि तळाचे, भोकांचे, जोडांचे फोटो वेगळे मागवा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली तर मी बोली लावत नाही.

खुर्ची शीशमची असेल तर देशाबाहेर नेताना अजून एक भानगड आहे. त्या कुळातल्या झाडांवर 2017 पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या करारानुसार आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. तयार वस्तूंना वजनाच्या मर्यादेत सवलत आहे, पण कागद आधी तपासून घ्या. सागाला हा प्रश्न नाही.

मुंबईच्या ओशिवरा किंवा चोरबाजारात खरी चंदीगड खुर्ची मिळेल का?

अशक्य नाही, पण त्या आशेवर जाऊ नका. या बाजारांत आपल्याकडच्या जुन्या वस्तू उत्तम मिळतात. इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, पारशी घरांतली कपाटं. ती तिथे शोधणं जास्त शहाणपणाचं, आणि माझ्या लेखी जास्त आनंदाचंही. परकारी पायांच्या खुर्च्या तिथे रांगेने दिसतात. त्या बहुतेक नव्या असतात आणि चांगला दुकानदार तसं स्वतःहून सांगतो.

नवी प्रत घेणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. भारतात डिझाइनच्या नोंदणीचं संरक्षण जास्तीत जास्त पंधरा वर्षं मिळतं, त्यामुळे हा नमुना बनवायला आडकाठी नाही. इटलीची कासिना आणि बंगळुरूची फँटम हँड्स या खुर्च्या उघडपणे नव्या म्हणून बनवतात. गावातल्या सुताराकडूनही करून घेता येते, आणि मूळ कल्पना तीच तर होती. अपराध तिला माती फासून जुनी म्हणून विकण्यात आहे.

ईम्स लाउंज चेअरबद्दल थोडक्यात सांगाल का?

अमेरिकन डिझायनर दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स यांची ही आरामखुर्ची. तिथे काम सोपं आहे, कारण कारखाना होता. 1956 पासून हर्मन मिलर ती बनवते, युरोपात व्हिट्रा. बैठकीखाली लेबल पाहा. खुर्चीच्या तळाला पाच फाटे आणि पाय ठेवायच्या स्टुलाला चार. लाकडी कवचांच्या बाहेरच्या बाजूला स्क्रूची डोकी दिसत नाहीत, कारण पाठ रबरी गुटक्यांवर चिकटवलेली असते. तेच रबर जुनं झालं की सुटतं आणि पाठ तुटून येते, तेव्हा बसण्याआधी ते तपासून घ्या. मागे रेलण्यासाठी खटका असेल तर ती नक्कल.

नजर तयार करण्यासाठी खऱ्या खुर्च्या कुठे पाहायला मिळतील?

चंदीगडलाच जा. सेक्टर 5 मधलं जानरेचं राहतं घर आता संग्रहालय आहे, सेक्टर 19 मध्ये ल कॉर्बुझिए सेंटर आहे, सेक्टर 10 मध्ये वास्तुकलेचं संग्रहालय. पण माझं सर्वांत जास्त शिक्षण झालं ते विद्यापीठाच्या आवारात, जिथे या खुर्च्यांवर मुलं अजून बसत होती. कुणाचं लक्ष नसलेली, रोज वापरातली झीज कशी दिसते ते तिथे कळलं. जानरेची कागदपत्रं आणि छायाचित्रं मॉन्ट्रियलच्या कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चरमध्ये आहेत, उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांना ते जवळचं.

घेतली. आता लगेच पॉलिश करून घेऊ का?

थांबा. आधी उलटी करून सगळ्या बाजूंचे, विशेषतः रंगाच्या अक्षरांचे फोटो काढा आणि पावतीसोबत ठेवा. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. वेत सैल वाटला तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने भिजवून रात्रभर सावलीत वाळू द्या, बराचसा परत ताणला जातो. सुताराला बोलावलंत तर रंधा आणि पॉलिशपेपर आणू नकोस, असं फोनवरच सांगा.